हायवे सोडून बोला : कोल्हापूरच्या आसपासचे बिनवर्दळीचे सायकल रस्ते

राजारामपुरी_गल्ली

मंडळी, कोल्हापुरात कुणालाही विचारा, "सायकल कुठं मारतोस?" उत्तरं दोनच. हायवेनं किणी टोलनाका गाठून परत, नाहीतर पन्हाळा. हायवेला रुंद साईडपट्टी होती तोवर ठीक होतं. सहापदरीकरण सुरू झाल्यापासून सर्व्हिस रोड कुठं संपेल आणि उलट्या दिशेनं डंपर कुठून येईल याचा नेम नाही. पन्हाळ्याचंही तसंच. आंबेवाडी-केर्लीच्या बाजूला रत्नागिरी रस्त्याचं चौपदरीकरण, आणि वाघबीळ ओलांडून वर निघालं की शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या. त्यातली निम्मी मंडळी ऐन वळणावर सेल्फीला थांबलेली.

म्हणून हा धागा. अट एकच. दोघांना गप्पा मारत जाता येईल असेच रस्ते सांगा.

सुरुवात मीच करतो. माझा ठरलेला रस्ता म्हणजे फुलेवाडी नाका, बालिंगा, तिथं गगनबावडा रस्ता सोडून पाडळी खुर्द, कोगे, नदी ओलांडून महे आणि कसबा बीड. येताना बहिरेश्वर, आमशी, सांगरूळ करत परत मेन रोडला. पंचेचाळीसच्या आसपास किलोमीटर होतात. घाट एकही नाही, तरी रस्ता सपाट म्हणता येणार नाही. गावं उंचवट्यावर आणि शेतं खाली नदीकडं, त्यामुळं सारखं वरखाली चालू असतं. गिअर बदलत राहायचं, पाय फिरते ठेवायचे. दोन्ही बाजूला ऊस. तो डोक्याच्या वर गेला की वळणापलीकडचं दिसत काहीच नाही, फक्त ऐकू येतं. म्हणून इअरफोन घरी ठेवा.

बीडला पाच मिनिटं थांबाच. गावात जागोजागी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे आहेत, काही देवळाच्या आवारात, काही कुणाच्या भिंतीला टेकून. शिलाहारांच्या भोजराजाची राजधानी इथं होती असं गावकरी सांगतात. पावसाळ्यात शेतात सोन्याची नाणी सापडतात म्हणूनही गाव प्रसिद्ध आहे. सायकलवरून खाली बघत हिंडू नका, तुम्हाला सापडणार नाहीत.

आता मुद्द्याचं. हाच रस्ता जुलैत पाण्याखाली असू शकतो आणि जानेवारीत उसाच्या ट्रॅक्टरांच्या ताब्यात. आपल्याकडं रस्ता शांत आहे का, हा प्रश्नच अर्धा आहे. कधी शांत असतो तेही विचारावं लागतं. तेव्हा रस्ता सांगताना महिना, वार आणि वेळ तिन्ही सांगा.

चढण_प्रेमी

कोगे-बीड पाय मोकळे करायला बरा आहे, पण घामासाठी सादळे-मादळे. टोपच्या आसपास हायवे सोडायचा, कासारवाडी गाठायची, तिथून घाट लागतो. घाट लहान आहे पण लाजवतो. पहिल्या वळणाला जो जोर काढतो तो तिसऱ्या वळणाला उतरून चालताना दिसतो. वर सिद्धेश्वराचं देऊळ, झाडी, आणि खाली अख्खं वारणा-पंचगंगेमधलं शिवार पसरलेलं. तिथून गिरोलीच्या अंगानं जोतिबा-पन्हाळा रस्त्याला निघता येतं. पोहाळ्याची लेणीही याच भागात आहेत, पण ती पायी उतरून बघायची. रोड बाईकचे बूट घालून तिथं जाऊ नका.

वेळ : उजाडताना. खाणी सुरू झाल्या की खालच्या टप्प्यात डंपर आणि खडीची धूळ. वळणावर सांडलेली खडी उतारावर घात करते, तेव्हा उतरताना हात ब्रेकवर.

वार : रविवार सोडून कुठलाही. रविवार जोतिबाचा. त्यात माघ महिन्याचे रविवार म्हणजे खेटे. लोक कोल्हापुरातून अनवाणी चालत डोंगरावर जातात, पहाटेपासून रस्ता भरलेला असतो. त्यांच्यामधून सायकलची घंटी वाजवत जाणं बरं दिसत नाही. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तर त्या डोंगराचं नावच काढू नका.

आणि गवे. विनोद नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गवे शहराला लागून पंचगंगेकाठापर्यंत आले होते. डोंगराकडेच्या रस्त्यांवर पहाटे अंधारात दिवा लावल्याशिवाय निघू नका. समोर दिसला तर थांबा, मागं सरा, तो जाईपर्यंत वाट बघा. मोबाईल काढायची ती वेळ नव्हे.

नवी_सायकल

एक शंका. माझी हायब्रीड आहे, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली. हे सगळे रस्ते डांबरी आहेत ना? बारीक टायरची घ्यायला पाहिजे होती का?

राजारामपुरी_गल्ली

@नवी_सायकल, तुमचीच सायकल बरोबर आहे. आपल्याकडच्या गावरस्त्याला २८ मिलिमीटरपेक्षा बारीक टायर म्हणजे मनगटांना शिक्षा. ३२ असेल तर उत्तम. डांबरी आहेत, पण गावात शिरताना काँक्रीट, काँक्रीट आणि डांबराच्या सांध्याला फट, पाण्याच्या पाईपलाईनसाठी खणलेला चर मुरूम टाकून बुजवलेला, आणि रंग न मारलेला गतिरोधक. शाळा, देऊळ किंवा पाण्याची टाकी दिसली की गतिरोधक आहे असंच धरून चाला. बाकी बाभळीचा काटा. एक जादा ट्यूब आणि पंप नसेल तर निघू नका, गावातली पंक्चरची दुकानं मोटरसायकलची असतात आणि नऊच्या आत उघडत नाहीत.

बीड_चावडी

मी बीडचाच. आमच्या रस्त्याचं कौतुक वाचून बरं वाटलं. पण ते "दोघांना गप्पा मारत" जरा बघा राव.

तुम्हाला जो रस्ता रिकामा दिसतो तो सकाळी सहा ते आठ आमच्या कामाचा असतो. दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल डेअरीची वेळ गाठायला पळत असते. वैरणीचा भारा मागं आडवा बांधलेला असतो, तो दोन्हीकडं हात-हातभर बाहेर येतो, आणि चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की पाणी पाजून परत येणारा माणूस अर्धवट झोपेत असतो. त्याच्या समोर चार जण रंगीत कपड्यांत आडवे, एकमेकांशी बोलत. सांगा, कुणी कुणाला चुकवायचं?

आणि घंटी. लाखाची सायकल घेता, पन्नास-शंभरची घंटी का बसवत नाही? मागून एकदम "साईड साईड" म्हणून ओरडलं की म्हातारं माणूस नेमकं मधेच येतं.

या, चहा घ्या, वीरगळ बघा. फक्त एका मागोमाग या.

राजारामपुरी_गल्ली

@बीड_चावडी दादा, शंभर टक्के मान्य. अट बदलली. गप्पा चहाच्या टपरीवर.

सकाळची_शिफ्ट

मी एकटी चालवते, त्यामुळं माझा हिशोब तुमच्यापेक्षा वेगळा आहे. तुम्ही सगळे "एक माणूस दिसत नाही" म्हणून खूश होता. मला तसा रस्ता नको. मला गाड्या नकोत, माणसं पाहिजेत.

म्हणून माझा रस्ता म्हणजे रंकाळा, फुलेवाडी, शिंगणापूर, बंधाऱ्यावरून पलीकडं प्रयाग चिखली, आंबेवाडी, आणि शिवाजी पुलावरून परत शहरात. तासा-दीड तासाचं काम. पहाटे दूध संस्थांच्या दारात रांगा असतात, दिवे लागलेले असतात, कॅन आपटल्याचा आवाज येत असतो. काही बिघडलं तर कुणाला हाक मारायची हे माहीत असतं. एका संस्थेच्या दारातल्या आज्जी आता मला नावानं ओळखतात आणि "आज उशीर?" म्हणून विचारतात. मला तोच बंदोबस्त पुरतो.

प्रयागला नद्या मिळतात ते बघायला हिवाळ्यात जा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्यांचं पाणी एकत्र होऊन तिथून पुढं पंचगंगा. घाटावर पाच मिनिटं बसून पाणी प्यायचं आणि निघायचं.

संध्याकाळी मात्र हाच रस्ता मी घेत नाही. दिवेलागणीनंतर शेतातून एकदम रस्त्यावर येणाऱ्या मोटरसायकलींना दिवा असतोच असं नाही. आणि बायकांसाठी एक जास्तीची सूचना : लांब जाणार असाल तर बाथरूमची सोय आधी ठरवून ठेवा. मेन रोडवरचा पेट्रोल पंप किंवा मोठं देवस्थान, याशिवाय भरवसा नाही. त्यामुळं धामणी खोरं वगैरे मी गटानंच करते.

गुऱ्हाळवाला

ऊस हा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, आमचा त्यातच जन्म गेला.

गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास चालू होतो आणि मार्चपर्यंत खेचतो. या काळात रस्ता निवडायचा असेल तर आधी कारखाने बघा. कुडित्र्याला कुंभी-कासारी, परित्याला भोगावती, असुर्ले-पोर्ल्याला एक, बिद्रीला दूधगंगा-वेदगंगा. प्रत्येकाच्या चारी बाजूंनी ऊस तिकडं ओढला जातो. कारखान्याच्या दारात जाणारा रस्ता हंगामात सोडून द्या. त्याला समांतर, नदीच्या दुसऱ्या काठाचा बघा. राजारामपुरीवाल्यांचा कोगे-बीड रस्ता एरवी चांगला, पण परतीला सांगरूळवरून कुडित्र्याच्या तोंडाला येता, तिथं जानेवारीत ट्रॅक्टरांची रांग असणार.

लोक भरलेल्या ट्रॅक्टरला भितात. भरलेला तसा गरीब असतो, हळू चालतो, त्याचं त्यालाच झेपत नसतं. फक्त चढावर त्याच्या मागं चिकटू नका, दोन ट्रॉल्या असतात आणि वरची मोळी कधी सरकेल सांगता येत नाही. खरा धोका रिकाम्या ट्रॉलीचा. फडात परत जायची घाई, ड्रायव्हर पोरगेलासा, टेप मोठ्यानं लावलेला, आणि मागची ट्रॉली मोकळी असल्यानं वळणावर आडवी झोके घेते. तिचा खडखडाट ऐकू आला की सरळ साईडपट्टीला उतरा. मान राखला जाईल वगैरे अपेक्षा ठेवू नका.

रस्त्यावर पडलेला ऊस, पाचट आणि फडातून चाकाबरोबर आलेला चिखल, हे तिसरं. पहाटेच्या दवानं पाचट ओलं झालं की बारीक टायर हमखास घसरतं.

आता फायद्याचं. हंगामातच गुऱ्हाळं चालू असतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळघरं मात्र वरचेवर कमी होत चाललीत. चालू असलेलं दिसलं तर थांबाच. चुलवाणात वाळलेली चिपाडं सारतात, वर काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी काढत राहतात. गुळव्या बोटानं पाक बघतो आणि काहील उतरायची हाळी देतो. त्या वेळी मधे उभं राहू नका, चार जण ती उचलून वाफ्यात ओततात. ओतून झालं की मग विचारा. गरम गूळ हातावर ठेवल्याशिवाय कुणी तुम्हाला पाठवणार नाही. पैसे देऊ केले तर रागावतील, म्हणून एखादी ढेप विकत घ्या. बाटलीत काकवी मिळाली तर ती आडवी ठेवू नका, माझ्या एका मित्राची अख्खी बॅग अजून चिकट आहे.

कट_जास्त

हे सगळं ठीक, पण राईडनंतर मिसळ कुठं खायची हे कुणीच सांगितलं नाही. माझ्या मते शहरात सर्वात भारी मिसळ

संपादक_मंडळ

@कट_जास्त, पुढचा मजकूर उडवला आहे. मिसळीचा धागा वेगळा आहे आणि तो तीन वेळा भांडणामुळं बंद करावा लागला आहे. इथं रस्त्यांवर बोला.

मुक्कामी_गाडी

मी एस.टी.त ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. मुलानं सायकल घेऊन दिली आणि ज्या रस्त्यांवर स्टेअरिंग फिरवलं त्यावरच आता पायडल मारतो. माझा ठोकताळा साधा आहे. ज्या गावाला फक्त मुक्कामाची गाडी जाते, म्हणजे संध्याकाळी जाऊन सकाळी परत येते, तो रस्ता सायकलीला उत्तम. ज्या रस्त्यावर दर अर्ध्या तासाला गाडी, तो सोडा.

यात पहिला नंबर धामणी खोऱ्याचा. गगनबावडा रस्त्यानं कळ्यापर्यंत जायचं. कळ्यापर्यंतचा मेन रोड उजाडायच्या आत उरकायचा, कारण नंतर कोकणची वाहतूक सुरू होते. कळ्यातून म्हासुर्लीचा रस्ता धरला की पाच-सात किलोमीटरमध्ये ऊस कमी होऊन भात सुरू होतो, आणि भाताबरोबर गर्दीही संपते. दोन्हीकडं डोंगर, मधे धामणी नदी, वाड्या लांब लांब. म्हासुर्लीवरून चढ चढून धामोडकडं उतरायचं. धामोडला तुळशी धरण. तिथं पाण्याकडेला भाकरी सोडायची. मग राशिवडे, हळदी करत राधानगरी रस्त्यानं घरी. नव्वद-शंभरच्या दरम्यान जातं. ऑक्टोबर शेवट ते डिसेंबर हा त्याचा काळ. भात कापायला आलेलं असतं, हवा थंड, आणि रस्ता पावसानंतर जरा डागडुजी केलेला असतो. पाणी मात्र कळ्यातच भरून घ्या, पुढं दुकान दिसेल पण उघडं असेल याची खात्री नाही.

दुसरा, बाजारभोगाववरून अणुस्कुऱ्याचा रस्ता. कासारी नदीच्या काठानं वर वर जातो. गेळवड्याच्या धरणाच्या पुढं जंगल दाट होतं. घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरा. खाली राजापूरच्या बाजूला उतरलात तर परत चढून यायची ताकद पायात ठेवा. पावसाळ्यात त्या घाटात दरडी येतात, तेव्हा जून ते सप्टेंबर नको.

गगनबावड्याबद्दल लोक फार विचारतात. पंचावन्न किलोमीटर, रस्ता सुंदर, पाऊस जिल्ह्यात सर्वांत जास्त तिथं. पण आता तो शांत म्हणवत नाही. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा वाहतूक भुईबावड्यासारख्या दुसऱ्या घाटांतून वळवली होती, तेव्हा मी दोन-तीनदा करूळच्या तोंडापर्यंत मजेत गेलो. तशी संधी पुन्हा येणार नाही. आता जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी. वाटेत असळजच्या पुढं पळसंब्याला ओढ्यात एकाच दगडातून कोरलेली देवळं आहेत, तिथवर जाऊन आलात तरी राईड सार्थकी लागली.

वाऱ्याचंही सांगतो. मार्च-एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, घाटावरून आत घुसतो. म्हणून सकाळी वारा पडलेला असताना पश्चिमेला जायचं आणि येताना तो पाठीशी घ्यायचा. उलटं केलं की शेवटचे वीस किलोमीटर पायडल मारून सायकल जागची हलत नाही. फक्त मे महिन्यात वळवाचा पाऊस चारनंतर गाठतो, तेव्हा त्याच्या आधी घरी.

चढण_प्रेमी

@मुक्कामी_गाडी काका, मुक्कामी गाडीचा ठोकताळा एक नंबर. डेपोत जाऊन वेळापत्रकच बघून येतो.

मुक्कामी_गाडी

वेळापत्रकावर जाऊ नकोस बाळा, कंडक्टरला विचार.

टायर_२५

माझा मात्र विरोध. एवढ्या खड्ड्यांतून जाण्यापेक्षा हायवे परवडला. बी.आर.एम.ची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर काढायच्या राईडची तयारी करायची, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत काढायचे, तर सलग वेग मिळाला पाहिजे. गावागावात कुत्री मागं लागतात, दर पाच मिनिटांनी गतिरोधक. याला ट्रेनिंग म्हणत नाहीत.

राजारामपुरी_गल्ली

@टायर_२५ तुमचं ट्रेनिंग, तुमची मर्जी. पण धामणी खोरं एकदा वेळ लावून करा आणि मग सांगा पाय कुठं जास्त तयार होतात ते.

कुत्र्यांचं : वेग वाढवला की ती जास्त पळतात. वेग कमी करा, सायकलवरून उतरून सायकल मधे घ्या, एक-दोनदा जोरात "हाड" म्हणा. नव्वद टक्के वेळा ती लाजून परत जातात. उरलेल्यांना मालक हाक मारतो.

पावसाळी_टोपी

पावसाळ्यात मग काय करायचं? चार महिने घरात बसायचं का? आणि बंधाऱ्यांचं कुणीतरी नीट सांगा. मी शिंगणापूरच्या बंधाऱ्यावर जाऊन उभा राहिलो तर पुढं रस्ताच नव्हता, नुसतं पाणी.

राजारामपुरी_गल्ली

बंधाऱ्यांवर जरा लांब लिहितो, कारण आपल्याकडचे अर्धे शांत रस्ते त्यांच्यामुळंच शांत आहेत.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत एका ओळीत दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि त्या खाचांत पावसाळा संपल्यावर फळ्या घालायच्या. त्यांना बरगे म्हणतात. दोन ओळी बरगे, मधे माती ठासायची, झाला बंधारा. पावसाआधी बरगे काढून ठेवतात म्हणजे पुराला वाट मिळते. खांबांवरून जो अरुंद रस्ता जातो, तो आपला. मोठी गाडी त्यावरून जात नाही किंवा जायला कचरते. म्हणूनच दोन गावांमधली वर्दळ लांबच्या पुलानं जाते आणि बंधाऱ्याचा रस्ता मोकळा राहतो.

पण हा रस्ता मुद्दामच कमी उंचीवर असतो, आणि बऱ्याच ठिकाणी कठडे नसतात, असले तर तुटलेले. पुरात अडकलेले ओंडके, केंदाळ वरून निघून जावं म्हणून. तेव्हा थोडा पाऊस झाला की तो पाण्याखाली गेलाच. पावसाळ्यात रोज पेपरात यादी येते, आपण कोल्हापूरकर ती पाठच करतो : पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे. कासारीवरचे यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे, बाजारभोगाव. लोक ती यादी पूर किती आला ते बघायला वाचतात. मी आज कुठं जाता येणार नाही ते बघायला वाचतो. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तर मोबाईलवरच येते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. माझा नियम त्याच्या खूप खालचा आहे : राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की नदी ओलांडायची नाही, सगळी राईड आपल्याच काठाला.

वरून घोटाभर पाणी वाहत असताना "एवढंच तर आहे" म्हणून कुणी घालत असेल तर त्याला धरून ठेवा. खालचा कठडा तुटलाय की रस्ताच वाहून गेलाय हे गढूळ पाण्यात कळत नाही.

पाणी उतरल्यावरही लगेच जाऊ नका. बंधाऱ्यावर गाळाचा थर राहतो, वरून वाळलेला दिसतो, आत लोण्यासारखा मऊ. ग्रामपंचायतीचा जेसीबी किंवा पोरं फावड्यानं तो काढतात, मग एक-दोन दिवसांनी जा. आणि सायकल हातात धरून पार करा, शंभर पावलांनी काही बिघडत नाही.

पावसाळ्यासाठी माझं उत्तर : दक्षिणेला वळा. कळंबा, कात्यायनी, इस्पुर्लीच्या बाजूचे माळ आणि टेकड्या. तिथं नदी आडवी येत नाही, पाणी वाहून जातं. गारगोटीचा मेन रोड पकडून ठेवू नका, त्याच्या आजूबाजूच्या गावांना जोडणारे छोटे रस्ते घ्या. वाट चुकलात तरी एखाद्या टेकडीवरून शहर दिसतंच.

मिरजकर

तुमचं सगळं पश्चिमेचं चाललंय. पूर्वेलाही या की. सकाळी लवकर रेल्वेनं सायकल जयसिंगपूरला आणून नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ बघायला उन्हाच्या आत पोचायचं. रस्ता सपाट, चढ औषधालाही नाही, पण कृष्णाकाठचा वारा तोंडावर आला की घाट परवडला म्हणाल. पौर्णिमेला नृसिंहवाडीला गर्दी असते, तेवढा दिवस टाळा. सायकल पॅसेंजरमध्ये चढवायच्या आधी स्टेशनवर विचारून घ्या, गार्डाच्या मनावर असतं.

सकाळची_शिफ्ट

@राजारामपुरी_गल्ली, शिंगणापूरच्या बंधाऱ्यावर सायकल हातात धरायची सूचना अगदी बरोबर. शिवाय समोरून वैरणीची मोटरसायकल शिरली की मधे गाठ पडते आणि कुणालाच मागं जाता येत नाही. अलीकडच्या काठाला थांबून पलीकडं बघायचं, कुणी शिरलंय का. नसेल तर जायचं.

बीड_चावडी

बघा, शिकलात.

कागलचा_कट्टा

उशिरा आलो. कागलच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही म्हणून. शहरातून कागलपर्यंत हायवे आणि एमआयडीसीची शिफ्ट सुटायची वेळ, हे दोन्ही टाळायला आम्ही गाडीच्या कॅरिअरवर सायकली टाकून मुरगूडपर्यंत जातो आणि तिथं सर पिराजीराव तलावाच्या बाजूला गाडी लावतो. तिथून पुढं सेनापती कापशी आणि चिकोत्रा खोरं. लांबलचक हलके चढ, मग हलके उतार, माळावर मेंढरं, आणि तासातासात एखादी जीप. कापशीला चप्पल बनवणारे अजून आहेत, कापशी चप्पल बघून मन झालं तर कॅरिअरवर जागा ठेवा. हंगामात हमिदवाड्याच्या कारखान्याकडं जाणारा फाटा मात्र सोडा, गुऱ्हाळवाल्यांनी सांगितलंय तेच कारण.

आणि एक, मुदाळतिट्ट्यावरून परत यायचा विचार असेल तर आधी कॅलेंडर बघा. अमावस्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला एवढी गाडी येते की तिट्ट्यापासून सगळं ठप्प असतं.

नवी_सायकल

@कागलचा_कट्टा, मुरगूड ते कापशी आणि परत हायब्रीडवर जमेल का? चढ हलके म्हणजे किती हलके?

कागलचा_कट्टा

जमेल. आमच्यात एक जण मागं कॅरिअर आणि पुढं बास्केट असलेली सायकल घेऊन येतो, तोच पहिला पोचतो. पुढच्या शनिवारी आहोत, सहाला तलावाच्या कडेला. पंप आणा, आमचा बिघडलाय.